जुन्या डेस्कटॉपसाठी बिनब्रँडची ४ जीबी डीडीआर३ रॅम: चिपा मोजूनच घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुने डेस्कटॉप अजून धावतायत, त्यांना ही स्वस्त रॅम परवडते. इंटेलच्या एच६१ प्रकारच्या मदरबोर्डावर सहसा तक्रार नाही. जी४१ बोर्ड असेल तर मात्र दोन्ही बाजू मिळून १६ चिपा असलेलीच स्टिक (रॅमची पट्टी) मागा. ८ चिपांच्या ४ जीबी स्टिकमधली एकेक चिप ४ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) असते आणि जी४१ला २ गिगाबिटच्या पुढचं झेपत नाही. मग पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणेल, घाई करू नका. ‘फक्त एएमडी’ लिहिलेली ८ जीबीची स्टिक इंटेल प्रोसेसरच्या बोर्डासाठी फुकट मिळाली तरी नको.

योग्य स्टिक असूनही डिस्प्ले येत नसेल तर पॉवर केबल काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, स्टिकच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा (इथल्या पावसाळ्यात हे लागतंच), एकच स्टिक लावून प्रत्येक स्लॉट तपासा. तरीही नाही? सीमॉस सेल (बोर्डावरचा नाण्यासारखा गोल सेल) काढून पाच मिनिटांनी बसवा.

३२ बिट विंडोजमध्ये ४ जीबीपैकी सव्वातीनच्या आसपास दिसलं तर दोष रॅमचा नाही. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी चालवा. एकही एरर आली तर स्टिक परत.