स्टार्टअपचा पगार रखडलाय : थांबायचं की निघायचं?

रत्नागिरीतून हापूस थेट मुंबई-पुण्याच्या ग्राहकाच्या दारात पोचवणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये मी तीन वर्षं काढली. माणसं पंचवीसेक. शेवटच्या वर्षी पगार रखडायला लागले. मी जुलैत राजीनामा दिला, शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबला. कोण शहाणा ठरला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून दोघांचा हिशोब शेजारी शेजारी ठेवतो.

आधी एक गोष्ट. पुण्यातल्या आयटी कंपनीचं माप इथे लागत नाही. हापूसचा पैसा मार्च ते मे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे मासळीवर चालणारा धंदाही पावसाळ्यात हात आखडतोच. ऑगस्टमध्ये पगार पंधरा दिवस लांबला तर ती कडकी असू शकते, त्यावर कुणी नोकरी सोडू नये. पण मे महिन्यात रोज पेट्यांच्या गाड्या भरून जातायत आणि तरी पगार नाही, तर एकतर माल तोट्यात जातोय, नाहीतर आलेला पैसा जुनी देणी गिळतायत. आमच्याकडे दुसरं होतं.

मला ते कळलं जूनमध्ये. पावसचे एक बागायतदार रोज सकाळी ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. छत्री निथळत कोपऱ्यात, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली मालाची पावती. आवाज चढवला नाही कधी. चहा घ्यायचे आणि अकराला उठून जायचे. चौथ्या दिवशी साहेब मागच्या दाराने आले. पगार उशिरा येतो तेव्हा तुमची अडचण होते. माल देणाऱ्याला तोंड चुकवलं जातं, तेव्हा पुढच्या हंगामाचा आंबाच दुसरीकडे जातो.

त्याच आठवड्यात मी पीएफचं पासबुक उघडलं. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला मूळ पगाराच्या १२ टक्के कपात दिसत होती, खात्यात मात्र फेब्रुवारीनंतर काही नव्हतं. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, आणि कापून न भरणं हा गुन्हा आहे. टीडीएसचंही, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचंही तसंच, ते आयकर खात्याच्या साइटवर बघता येतं, फक्त तिमाहीनंतर. मालवणच्या मामाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, ‘‘पैशे नाय तर नाय, पण खोटा कित्याक बोलतत?’’ माझ्या लेखी उघडपणे लांबवलेला पगार एका बाजूला आणि गुपचूप गिळलेला पीएफ दुसऱ्या. पहिल्यात थांबावं, दुसऱ्यात नाही.

आता पैशाचं. मी निघालो तेव्हा दोन महिन्यांचा पगार थकला होता. सहकारी सात महिने जास्त राहिला, त्यात तुकड्या-तुकड्यांनी चार पगार मिळाले, म्हणजे त्याचे एकूण पाच थकले. इथवर मी जिंकलो. पण मी हातात दुसरी नोकरी नसताना बाहेर पडलो होतो, तेही भर पावसात, जेव्हा आंब्याच्या धंद्यात कुणी माणूस घेत नाही. घराचा हप्ता चालूच. पाच महिने रिकामे गेले. सहकाऱ्यावर कर्ज नव्हतं, घरचं भात होतं, आणि माणसं सोडून गेल्यामुळे पॅकिंगपासून गाड्यांपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडलं. त्याच अनुभवावर त्याला पुण्यात शीतगृहांच्या कंपनीत नोकरी लागली. थांबण्याचा खरा फायदा हा, पण सहा महिन्यांचा खर्च गाठीला असेल तरच परवडतो.

कंपनीने कबूल केलेल्या शेअर्सच्या आशेवर थांबू नका. मुदत पूर्ण न झालेले निघताना जातात, झालेले घ्यायला खिशातले पैसे घाला, वर घेतानाच कर. आणि विकत घेणारा कोण? ग्रॅच्युइटीचं मात्र मोजून बघा. कायम नोकरीत पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील, तर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची ती रक्कम कळ काढून थांबण्याजोगी असते.

सहकारी शेवटी का निघाला? फेब्रुवारीत आगाऊ बुकिंग सुरू झालं आणि त्या पैशातून आमच्या लोकांचे डिसेंबरचे पगार झाले. आंबा अजून झाडावर, तोही यंदा अवकाळीने मोहोर गळालेला, आणि ग्राहकाचे पैसे संपलेले. फोन घ्यायला तोच बसणार होता.

निघताना त्याने थकबाकीचा आकडा आणि हप्त्यांच्या तारखा ई-मेलवर लिहून घेतल्या. मी ‘संबंध कशाला बिघडवा’ म्हणून तोंडीच ठेवलं. त्याचे हप्ते रडतखडत का होईना, अजून येतात. माझा एक आला.