कंबरलंड काउंटी, टेनेसी: स्वावलंबी राहण्यासाठी जागा कशी आहे?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल आणि नॉक्सव्हिल या शहरांच्या दरम्यान, आय-४० महामार्गावर क्रॉसव्हिल गाव आणि भोवती ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. पठार साधारण १,८०० ते २,००० फूट उंच, त्यामुळे उन्हाळा नॅशव्हिलपेक्षा सुसह्य. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही आणि १५ एकरांपासून पुढच्या शेतजमिनीला किंवा जंगलाला 'ग्रीनबेल्ट'मध्ये मालमत्ता कराची सवलत मिळू शकते. म्हणून १२ एकरांचा स्वस्त तुकडा दिसला तरी हा हिशोब आधी करा.

पाऊस ही इथली खरी श्रीमंती. वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर, तोही बारमाही. १०० चौरस मीटर छपरावरून २० टक्के वाया गेलं धरलं तरी १,१२,००० लिटर जमतं. माणशी रोज ७५ लिटरने चौघांचं वर्ष निघतं. बोअरच्या भरवशावर मात्र राहू नका. खाली वालुकाश्म आहे, भेग लागली तरच पाणी. लागलं तरी अनेकदा लोहाचं: बादलीत काढून ठेवलं की तासाभरात तांबूस होतं, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. सौद्याआधी पंप सलग चार तास चालवून मिनिटाला किती गॅलन येतं ते मोजा, आणि लोह, मँगनीज, कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण देणारे जिवाणू) तपासून घ्या.

मातीबाबत दलालांचं ऐकू नका. ती उथळ आणि आम्लधर्मी आहे. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातून माती परीक्षण करून घ्या. पीएच ५ च्या आसपास निघाला तर एकरी दोनेक टन चुना लागतो, तोही पेरणीच्या चार-सहा महिने आधी. बटाटा आणि घेवडा इथे चांगला येतो. १९३४ मध्ये न्यू डीलखाली, म्हणजे महामंदीतल्या सरकारी मदत कार्यक्रमाखाली, बेकार खाणकामगारांसाठी इथेच 'कंबरलंड होमस्टेड्स' ही वसाहत वसवली. इथल्याच क्रॅब ऑर्चर्ड गावच्या दगडाची ती घरं अजून उभी आहेत. घरची शेती आणि जोडीला मजुरी, अशीच ती योजना होती; निव्वळ शेतीवर पोट भरेल असं तेव्हाही कुणी धरलं नव्हतं. आजही बाहेरचं उत्पन्न हाताशी असू द्या.

सर्वात महागात पडणारी चूक कागदपत्रांतली. या पठारावर कोळसा आणि दगड निघतो, त्यामुळे पुष्कळ जमिनींचे खनिज हक्क पूर्वीच वेगळे विकले गेलेत. वकिलाकडून जुनी खरेदीखतं मागेपर्यंत तपासा. खडक वर असल्याने सेप्टिक टाकीची परवानगी अडू शकते. ती मिळाली तरच व्यवहार, ही अट करारात घाला.

हिवाळ्यात धोका गोठणाऱ्या पावसाचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये बर्फाच्या वजनाने झाडं तारांवर कोसळली आणि कित्येक दिवस वीज नव्हती. एक अश्वशक्तीचा बोअरपंप सुरू होताना चालू असतानापेक्षा कित्येक पट वीज ओढतो, तेव्हा जनरेटर निदान ५ किलोवॅटचा आणि २४० व्होल्टचा घ्या. ओकचं सरपण फोडून किमान वर्षभर वाळवावं लागतं. यंदा राहायला जाणार असाल तर वाळलेलं विकतच घ्या.