चार दिवे, एक पिन आणि ४१ हजारांचं बिल

गाडीच्या मीटरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागला, आणि गॅरेजवाल्याने स्कॅनरचा स्क्रीन तुम्हाला न दाखवताच "एबीएस मॉड्यूल गेलं", म्हणजे ब्रेक सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटीच खराब झाली, असं जाहीर केलं, तर चावी परत मागा आणि सरळ घरी या. आमच्या गाडीत कधी उघडलंच गेलं नाही अशा एका भागाच्या बदलीचे आमच्याकडून ४१ हजार घेतले गेले. गॅरेज हायवेवरचं आहे. प्रकरण तक्रारीत आहे, म्हणून नाव देत नाही. पण ही युक्ती एकाच गॅरेजपुरती नसणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमचं घर गुहागरला, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर. इथल्या हवेत पत्रा टिकत नाही, तिथे वायरींचं काय! पावसाळ्याच्या तोंडावर सकाळी गाडी चालू केली की थोडं पुढे जाताच एबीएस, ट्रॅक्शन, ईएसपी (गाडी वळणावर भरकटू न देणारी यंत्रणा) आणि हिल असिस्ट (चढावर गाडी मागे न सरकू देणारी) असे चारही दिवे एकदम लागायचे. दुपारी उन्हात गाडी तापली, की पुन्हा चालू केल्यावर दिवे गायब. रात्रभर पाऊस पडला की सकाळी पुन्हा हजर. ओल आली की बिघाड आणि सुकलं की ठीक, ही खूण लक्षात ठेवा. असं वागणारा दोष बहुतेक वेळा कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीच्या प्लगमध्ये, किंवा वायरीत निघतो.

चार दिवे बघून माणूस घाबरतो, आणि लुबाडणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं. चार दिवे म्हणजे चार बिघाड असं नसतं. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय, म्हणजे घसरतंय, हे ट्रॅक्शन कंट्रोलला त्यावरूनच कळतं. मग ते त्या चाकाला हलका ब्रेक लावतं आणि इंजिनाची ताकद कमी करतं. ब्रेक मारताना चाक जाम होऊ नये म्हणून एबीएस हेच चार सेन्सर वाचतं, ईएसपीही तेच वाचतं. त्यातल्या एकाचा निरोप पोचला नाही, तर चुकीच्या माहितीवर ब्रेक लावण्यापेक्षा सगळी यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि दिवे लावते. साधा ब्रेक तेव्हाही लागतो. फक्त कुंभार्ली घाटात पावसात चाक घसरलं, तर सावरायला यंत्रणा नसते. पिवळ्यांसोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नका. तेव्हा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी बिघडलेली असू शकते.

गॅरेजमध्ये आमचं स्वागत झकास झालं. चहा, पंखा, "बसा काका". मालकाने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि तिथूनच निदान सांगितलं.

"काका, मॉड्यूलमध्ये पाणी गेलंय. पुरानंतर अशा कितीतरी गाड्या आम्ही केल्या."

चिपळूणचा तो पूर २२ जुलै २०२१ चा. आमची गाडी त्यानंतर घेतलेली, आणि चिपळूणला ती फक्त खरेदीपुरती जाते. हे सांगितलं तर म्हणाला, "दमट हवा पण पुरासारखीच."

पुढे त्याने खरा खेळ केला. मागचं उजवं चाक काढलं, सेन्सरचा कपलर सोडवला, मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, लावला आणि आकडा माझ्यासमोर धरला. मीटरवर काहीच येत नव्हतं. "बघा, रेझिस्टन्स नाही. म्हणजे मॉड्यूलकडून सप्लायच बंद." तुमच्या डोळ्यांदेखत मीटर लावून दाखवल्यावर तुम्ही काय म्हणणार? पण ही चाचणी ह्या सेन्सरला लागूच पडत नाही. जुन्या गाड्यांत नुसत्या तारेच्या कॉइलचा सेन्सर असे. तो ओहमवर साधारण हजाराच्या आसपास आकडा दाखवायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत हॉल इफेक्टसारखे ॲक्टिव्ह सेन्सर असतात. त्यांना दोन वायरींतून वीज मिळते, आणि चाक फिरलं की त्यातला करंट साधारण ७ आणि १४ मिलीॲम्पिअर यांच्यामध्ये खालीवर होतो. मॉड्यूल तेच मोजतं. अशा सेन्सरला ओहम लावला तर धड काही कळत नाही, सेन्सर चांगला असो की मेलेला. शिवाय सप्लाय आहे की नाही हे बघायचं, तर इग्निशन चालू ठेवून गाडीकडून येणाऱ्या वायरीवर व्होल्ट मोजावे लागतात. त्याने चावी बंद ठेवून सेन्सरवर ओहम मोजला होता.

बिलावर आलं: एबीएस मॉड्यूल नवीन, कोडिंग, ब्रेक ऑइल, मजुरी. एकूण ४१ हजार. जुना भाग मागितला, तर "कंपनीला परत जातो" हे उत्तर. जीएसटी नंबरची जागा कोरी. गाडी मिळाली तेव्हा दिवे बंद होते. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरने पुसला होता आणि बाहेर ऊन होतं, एवढंच त्याचं रहस्य. पुढच्या सरीला चारही दिवे परत. फोन केला तर आता म्हणे स्टीअरिंग अँगल सेन्सर गेला. त्याचे आणखी १४ हजार.

शृंगारतळीच्या बाजारात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, बोटींचे सेल्फ, सगळं करतो. त्याने आधी बॅटरी तपासली. व्होल्टेज पडलं तरी हेच दिवे लागतात, आणि ते बघायला पाच मिनिटं पुरतात. मग स्कॅनर लावून स्क्रीन माझ्याकडे फिरवला. कोड होता मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सर सर्किटचा. मॉड्यूलच्या आतल्या बिघाडाचा वेगळा कोड असतो, तो यादीत नव्हताच. पुढे त्याने मला शेजारी बसवलं आणि लाइव्ह डेटा, म्हणजे प्रत्येक चाकाचा त्या क्षणीचा वेग, उघडून गाडी हळू चालवली. तीन चाकं वीस, एकवीस, वीस. चौथं वीस, शून्य, अठरा, शून्य. मोठ्या खड्ड्यात तर नुसतं शून्य.

गाडी लावून त्याने चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडलं. आत कपलर. तो उघडला तर एका पिनेवर हिरवट पांढरा भुगा आणि तांबं इतकं खाल्लेलं, की नखाने खरवडल्यावर पीन तुटून त्याच्या हातात आली. इग्निशन चालू ठेवून व्होल्ट मोजले. बॅटरीवर साडेबारा, इथे नऊच्या आसपास, आणि वायर हलवली की शून्य. खराब तुकडा कापला, नव्या पिना दाबून बसवल्या, हीट श्रिंक नळी चढवली, कपलरमध्ये ग्रीस भरलं. सातशे रुपये घेतले. सेन्सरही बदलावा लागला नाही.

मी मॉड्यूलची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला.

"काका, ह्याचे नट कोणी उघडलेलेच नाहीत."

मॉड्यूलच्या ब्लॉकला ब्रेकचे सहा पाइप येतात. दोन मास्टर सिलिंडरकडून येतात आणि चार चाकांकडे जातात. अख्खा ब्लॉक बदलायचा तर सहाही नटांना पाना लावावा लागतो. मग नटांच्या कडा चमकतात, धूळ निघते, आणि पाइप सुटल्यामुळे ऑइल बदलून हवा काढावी लागते. आमच्या नटांवर जांभ्याची तांबडी धूळ थर धरून बसलेली होती, खाली जुना गंज. रिझर्व्हॉयरमधलं ऑइल काळ्या चहासारखं. नवं ऑइल जवळजवळ पारदर्शक, फिकट पिवळं असतं. मी त्याच जागी टॉर्चच्या उजेडात सगळ्या नटांचे, लेबलचे आणि ऑइलचे फोटो काढले. तुमच्याकडेही अशी शंका आली, तर दुसऱ्या कोणी हात लावायच्या आत हे फोटो घ्या.

मालकाचं बोलणं त्यानंतर रोज बदललं. आधी "नवीनच टाकलंय". फोटो दाखवल्यावर "तुमचंच रिपेअर केलं". त्यानंतर "पोराने चुकून बिलात लिहिलं". आता फोन उचलत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. सेवेसाठी आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. कच्चं बिल असेल तरी टाकू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सगळं पुरावाच आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर ह्या कामासाठी विसंबू नका. त्यातले बरेचसे फक्त इंजिनाचे कोड वाचतात, एबीएसचे नाही. "कोड नाही आला" असं त्याच्या जोरावर सांगणाराही भेटतो. दोन्ही बाजूंचे टायर वेगळ्या मापाचे असतील, किंवा ब्रेक लाइटचा स्विच गेला असेल, तरी हे दिवे लागू शकतात. हे दोन्ही आधी बघून घ्या. आणि गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून मीटरकडे बघा. हे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत, तर दुरुस्तीऐवजी कोणी दिवाच मारून टाकला असेल.

पैसे अजून परत आलेले नाहीत. आयोगासाठी मी कागद जमवतोय: बिल, फोटो, स्कॅनचा प्रिंट, आणि शृंगारतळीच्या त्या माणसाने लेटरहेडवर लिहून दिलेलं, की मॉड्यूलचे सहाही नट मूळचे होते आणि तुटलेली पीन त्याने ह्या तारखेला काढली. पीन एका छोट्या पिशवीत घालून बिलाला टाचली आहे.