सेफ्टी शूज की आयकार्डाची पट्टी?

ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये सकाळी दोन प्रकारची मंडळी दिसतात. एकांच्या पायात सेफ्टी शूज, दुसऱ्यांच्या गळ्यात आयकार्डाची पट्टी. सस्टेनेबिलिटीत, म्हणजे उद्योगांचं प्रदूषण आवरण्याच्या आणि त्याचा हिशेब ठेवण्याच्या कामात, नोकरी हवी असेल तर आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भागात मुख्य वाटा याच दोन: कारखान्याचा प्लांट किंवा ऑफिस. मी चार वर्षं सेफ्टी शूज घातले, आता ऐरोलीत पट्टीवाली झाले आहे.

आधी शोधायचं कसं ते. पोर्टलवर नुसतं 'सस्टेनेबिलिटी' टाकलंत तर भरपूर अनुभव मागणाऱ्या जागाच समोर येतात आणि मन खट्टू होतं. 'ईएचएस' (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा), 'एन्व्हायर्नमेंट ऑफिसर', 'ईटीपी केमिस्ट' (ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) टाकून बघा. रबाळे, महापे, पावणे आणि तळोज्याच्या कारखान्यांतल्या जागा या नावांनी निघतात. ऑफिसच्या जागांसाठी 'ईएसजी अ‍ॅनालिस्ट', 'बीआरएसआर'. (ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार; बीआरएसआर हा त्यावरचा कंपनीने द्यायचा अहवाल.)

प्लांटवर माझं सकाळचं पहिलं काम ठरलेलं. एअरेशन टाकीतलं (हवा सोडून सांडपाणी शुद्ध करतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ 300 मिलीच्या आसपास बसला की निवांत चहा. 800 वर तरंगत राहिला की दिवस गेला. मग उत्पादनवाल्यांना विचारत फिरायचं, 'रात्री काय सोडलंत?' कोणी सांगत नाही. पाण्याखेरीज कागद असतातच: एमपीसीबीच्या (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटच्या, म्हणजे परवानगीच्या, मुदती, घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट (वाहतुकीच्या नोंदी), 30 सप्टेंबरच्या आत जाणारा फॉर्म पाच (पर्यावरणाचं वार्षिक विवरण), त्यासाठी बेलापूरच्या रायगड भवनात खेपा. केसांना वास येतो, शनिवारही जातो. पण कारखाना आतून कसा चालतो ते इथेच कळतं.

ऑफिसची मागणी नियमामुळे आली. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला. युरोपला पोलाद, अ‍ॅल्युमिनियम पाठवणाऱ्यांना ऑक्टोबर 2023 पासून कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे एसीत बसून एक्सेल भरणाऱ्यांना काम मिळालं. माझ्या ओळखीच्यांत तरी सुरुवातीचा पगार इथे जास्त आहे. कामाचा निम्मा वेळ मात्र 'कृपया आकडे पाठवा' अशा मेलमध्ये जातो.

एकदा एका प्लांटकडून डिझेलचा आकडा आला. लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून गुणाकार केला, तर उत्सर्जन आभाळाला भिडलं. शेजारचा मुलगा तो आकडा तसाच पुढे पाठवणार होता. मी जनरेटर पाहिलेले, म्हणून खटकलं. दिवसरात्र चालवला तरी तो इतकं डिझेल पिणार नाही. फोन केला, तर लिटरच्या रकान्यात रुपये भरले होते!

खाडीकाठचं, खारफुटी-फ्लेमिंगोंचं काम ही तिसरी वाट. समाधान भरपूर, जागा मोजक्या, त्याही बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या. घरचा हप्ता तुमच्यावर असेल तर तूर्त शनिवार-रविवारीच करा.

केमिस्ट्री किंवा इंजिनिअरिंग केलं असेल तर मी म्हणेन, दोन वर्षं प्लांटवर काढा, मग ऑफिसात या. उलटा प्रवास करणारं मी तरी कोणी पाहिलेलं नाही. कॉमर्स किंवा एमबीए असेल तर सरळ ऑफिस धरा, ईटीपीवर उगाच हाल होतील. प्लांटवरच टिकायचं ठरलं तर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करून ठेवा; मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. प्लांटवर : रात्रपाळीला ईटीपीवर कोण असतं? ऑफिसात : वर्षातून साइटवर किती वेळा पाठवता? पहिल्याला 'वॉचमन बघतो' आणि दुसऱ्याला 'गरजच पडत नाही' असं उत्तर आलं, तर परतीची लोकल धरा.