डोळ्यावरची कर्करोगपूर्व वाढ: कापून काढायची की थेंबांनी घालवायची?

रिपोर्टवर 'ओएसएसएन', म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरची ही वाढ, असं लिहिलंय आणि डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत? आधी निदान पक्कं आहे का ते बघा. ही वाढ बहुधा काळं-पांढरं मिळतं त्या कडेवर, पापण्यांमधल्या उघड्या भागात येते. जेलीसारखी, कधी वर पांढरा पापुद्रा, आणि जाड रक्तवाहिन्या तिच्याकडे धावलेल्या. उन्हाने वाढणारं साधं मांस, म्हणजे टेरिजियम, समजून ती सहज राहून जाते. टोल्युडीन ब्लू हा तपासणीचा रंग लावल्यावर ती निळी होते. केनियातल्या एका अभ्यासात या रंगाने 92 टक्के रुग्ण पकडले, पण आजार नसलेल्यांतही निम्म्याहून जास्त जणांचे डाग निळे झाले. म्हणजे रंगावर शिक्का मारू नये. ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये पातळ थर एकदम जाड आणि पांढरा झालेला दिसतो, ते जास्त बोलकं. शेवटचा शब्द बायॉप्सीचा.

लहान, एकच वाढ असेल तर माझा कल शस्त्रक्रियेकडे. एका बैठकीत काम होतं आणि तपासायला अख्खा तुकडा मिळतो. सर्जन गाठीला चिमटा लावत नाहीत, कारण पेशी सांडतात. भोवतालची 4 मिमी चांगली दिसणारी कडही घेतात, कडा दोनदा गोठवतात, आणि जखम मोठी असेल तर नवी अवजारं घेऊन अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन, म्हणजे वारेचा पातळ पडदा, बसवतात. मात्र बुबुळाभोवती पसरलेली वाढ कापली तर तिथल्या मूळपेशी जातात, नजर धूसर होऊ शकते.

अशा वेळी थेंब बरे. 5-फ्लुओरोयुरासिल हे कर्करोगावरचं औषध 1 टक्का, दिवसातून चारदा, आठवडाभर, मग तीन आठवडे सुट्टी, अशा फेऱ्या. स्वस्त, पण डोळा लाल होतो, चुरचुरतो. इंटरफेरॉन सौम्य, पण महाग, आणि महिनोन्महिने चालतं. मायटोमायसिन जहाल, अश्रूंच्या छिद्रांत प्लग बसवून घालावं लागतं. गरोदरपणात किंवा फेऱ्या चुकवणाऱ्या माणसाला थेंबांचा रस्ता नकोच. वाढ खोलवर गेली असेल तर नुसत्या थेंबांवर भागत नाही.

दोन्ही एकत्रही करतात. केनियातच 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर हे 5-फ्लुओरोयुरासिल घातलेल्यांत वर्षभरात सुमारे 11 टक्के वाढी परतल्या, नुसतं औषधविरहित द्रव घातलेल्यांत 36 टक्के.

कापल्यावर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'कड मोकळी' आहे का, म्हणजे तुकड्याच्या कडेला रोगट पेशी नाहीत ना, ते विचारा. तरुण वयात ही वाढ आली असेल तर एचआयव्ही तपासणीही करून घ्या, कारण दोन्हींचा संबंध आहे.