टेकनचे तिन्ही पार्ट: बाप भारी, पण फक्त स्वतःच्या पोरीपुरता

टेकन या लियाम नीसनच्या ॲक्शन थ्रिलर सिरीजचे तिन्ही पार्ट सलग बघून काढले म्हणून रिव्ह्यू पण तिघांचा एकत्रच टाकतोय. स्पॉयलर सगळे आहेत, आधीच सांगतो, एवढ्या जुन्या सिनेमात आता लपवायचं काय राहिलंय तरीपण. पहिला २००८ चा, पिएर मोरेलने डिरेक्ट केलेला, दुसरा २०१२ चा आणि तिसरा अमेरिकेत २०१५ च्या जानेवारीत लागला, हे दोन्ही ऑलिव्हिए मेगाटनचे. लिहिणारे मात्र तिन्हीला तेच, ल्युक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमन, त्यामुळे दोष द्यायचा तर फक्त डिरेक्टरच्या माथी मारून चालणार नाही.

ॲक्शन थ्रिलरमध्ये हिरोची फॅमिली ही बहुतेक वेळा एक निमित्त असतं. बायको मारा, पोरगी पळवा, भाऊ उडवा, आणि मग दीड तास हिरोने काहीही केलं तरी कोणी विचारणार नाही. टेकन पण तेच करतो, पण पहिल्या पार्टमध्ये ते इतकं नीट केलंय की लक्षातच येत नाही. सुरवातीची जवळपास वीस-पंचवीस मिनिटं ॲक्शन जवळजवळ नाहीच. ब्रायन मिल्स (लियाम नीसन), सीआयएमधून रिटायर झालेला माणूस, पोरीच्या सतराव्या वाढदिवसाला कॅराओके मशीन घेऊन जातो, कारण तिला लहानपणी सिंगर व्हायचं होतं, ते त्याच्या डोक्यात आहे, मोठ्या कौतुकाने गिफ्ट देतो आणि तेवढ्यात सावत्र बाप स्टुअर्ट अख्खा घोडा आणून उभा करतो. झालं. पोरगी घोड्याकडे पळते आणि हा तिथेच उभा. अख्ख्या सिरीजमधला माझा सगळ्यात आवडता सीन हाच आहे, गोळी नाही, गाडी नाही काही नाही, पण या माणसाचं दुखणं काय आहे ते बरोबर कळतं. पोरगी मोठी होत असताना तो जगभर ड्युटी करत फिरत होता, आणि आता नोकरी सोडून तिच्या जवळ राहायला आलाय तर तिला त्याची फारशी गरजच उरलेली नाही. म्हणजे याची निष्ठा हे जुनं देणं आहे, उशिरा फेडायला काढलेलं. आणि असं उशिरा फेडणारा माणूस व्याजाचा हिशोब करत बसत नाही, हे पुढे कळतंच.

पॅरिसला जायचं तर ती अठराची नाही म्हणून बापाची सही लागते, हा नको म्हणतो, एक्स-वाइफ लेनोर त्याला वेड्यात काढते, मग हा सही करतो, आणि एअरपोर्टवर कळतं की म्युझियम वगैरे सगळी थाप होती, पोरी यू२ बँडच्या टूरच्या मागे युरोपभर फिरणार आहेत. लिहिणाऱ्यांनी इथे जरा चलाखी केलीय. पोरीने ऐकलं नाही, आईने ऐकलं नाही, आणि शेवटी बापाची भीती खरी ठरली, म्हणजे घरातल्या दोन्ही बायका चूक आणि एकटा संशयी बाप बरोबर. जगातल्या सगळ्या काळजीखोर बापांना बघताना गुदगुल्या होतील अशी सोय करून ठेवलीय. मला ते जरा खटकतं, पण काम करतं हेही खरं.

मग तो फोनचा सीन. समोरच्या खिडकीतून पोरीला, म्हणजे किमला, दिसतं की मैत्रीण अमांडाला माणसं उचलून नेतायत, ती बाथरूममधून बापाशी फोनवर बोलतेय, आणि हा तिला घाबरू नको, काही होणार नाही असलं एकही वाक्य बोलत नाही. सरळ सांगतो, बेडखाली जा, आणि आता ते तुला पण नेणार आहेत, पकडतील तेव्हा जे दिसेल ते ओरडून सांग, केस, उंची, टॅटू, काहीही. प्रेम दाखवायची ही पद्धत मी दुसऱ्या सिनेमात बघितली नाही. रडणं नाही, मिठी नाही, एक माणूस आपल्या कामातलं सगळं कसब पोरीच्या दहा-वीस सेकंदांसाठी वापरतो आणि चेहऱ्यावर मात्र कळतं की आत काय चाललंय. त्यानंतर पळवणाऱ्याला दिलेली ती शोधून मारेनची धमकी जगभर मीम झाली, पण त्याच्या आधीची ही दोन मिनिटं जास्त भारी आहेत. लियाम नीसन तेव्हा पंचावन्नच्या आसपासचा, ॲक्शन हिरो म्हणून त्याचं नाव कोणी घेत नव्हतं, त्याने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्याला स्वतःला वाटलं होतं हा सिनेमा थेट डीव्हीडीवर जाईल. अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च आणि जगभरात कमाई बावीस कोटींच्या वर, त्यानंतर म्हाताऱ्या बापांनी बदडून काढायच्या सिनेमांची रांगच लागली.

आता माझी खरी तक्रार. या बापाची निष्ठा किती लांब पोचते ते बघा. अमांडा आठवते ना, किमबरोबर गेलेली? ती पोरी पळवून विकणाऱ्या टोळीच्या अड्ड्यावर मेलेली सापडते. ब्रायन बघतो आणि पुढे जातो, ठीक आहे, वेळ नाहीये त्याच्याकडे, पोरगी शोधायला शहाण्णव तासांची मुदत आहे. पण सिनेमाकडे तर वेळ होता! शेवटी किम घरी येते, एअरपोर्टवर गळाभेट, नंतर बाप तिला एका पॉपस्टारच्या दारात घेऊन जातो, गाणं शिकायला. अमांडाचे आईबाप कुठे आहेत, त्यांना कोणी फोन केला, किमला मैत्रिणीबद्दल एक वाक्य तरी बोलायला दिलंय का, काहीच नाही. कन्स्ट्रक्शन साइटवरचा तो अड्डा आठवा, पत्र्याच्या खोपट्यांमध्ये ड्रग देऊन ठेवलेल्या पोरी, त्यातली एकच हा उचलून बाहेर काढतो, कारण तिच्याजवळ किमचं जॅकेट आहे. तिला सलाइन लावून शुद्धीवर आणतो तेव्हा क्षणभर वाटतं माणूस चांगलाय, आणि लगेच कळतं की पत्ता विचारायचाय. बाकीच्या पोरी तिथेच. त्या पण कोणाच्या तरी पोरी आहेत हा विचार सिनेमाला शिवत पण नाही.

आणि जाँ-क्लोदच्या घरचं जेवण. हा ब्रायनचा फ्रेंच इंटेलिजन्समधला जुना दोस्त, आता ऑफिसात टेबलाचं काम करत त्या टोळीकडून पैसे खातोय. सापडल्यावर तो सफाई काय देतो तर पगार एवढा, खर्च तेवढा, मधला फरक कुठून येतो ते माझ्या फॅमिलीचं भागतंय तोवर मी बघत नाही. ऐकलंत का? म्हणजे पोरी विकणाऱ्यांना पाठीशी घालणारा माणूस पण फॅमिलीसाठीच करतोय! आणि ब्रायन काय करतो, त्याच्या बायकोच्या दंडात गोळी घालतो, ती बिचारी काही माहीत नसलेली, पाहुण्याला वाढत होती, आणि वर माझ्यातर्फे तिची माफी माग म्हणतो. दोन बाप समोरासमोर, दोघांच्या तोंडी फॅमिली, आणि मधे गोळी खाते ती तिसरीच. हा सीन कमाल आहे, खरंच, पण सिनेमाने यावर थांबायला पाहिजे होतं, तो थांबत नाही, आपण थिएटरमध्ये शिट्टी मारतो आणि पुढे पोरी विकत घेणारा शेख, त्याची बोट, धाड धाड.

म्हणून दुसऱ्या पार्टची सुरवात बघून मी सरसावून बसलो होतो. अल्बेनियातल्या ट्रोपोयात शवपेट्या उतरतात, पहिल्या पार्टमध्ये ब्रायनने जी माणसं टपाटप मारली त्यांच्या मातीला अख्खं गाव जमलंय, आणि मुराद, म्हणजे ज्या मार्कोला ब्रायनने खुर्चीला बांधून करंट चालू ठेवून मरायला सोडलं होतं त्याचा बाप, शपथ घेतो की सूड घेणार. राडे शेर्बेजिया या नटाने तो केलाय आणि नीसनच्या तोडीस तोड केलाय. नंतर समोरासमोर आल्यावर ब्रायन त्याला सांगतो की तुझ्या पोराने माझी पोरगी पळवली, विकली, आणि मुरादचं म्हणणं एवढंच की त्याने काय केलं त्याच्याशी मला देणंघेणं नाही, तो माझा मुलगा होता. यात आणि ब्रायनमध्ये फरक काय? काहीच नाही हो! हाच तर सिनेमा होता, हातात आलेला, तयार!

पण त्यांना इस्तंबूलच्या गल्ल्यांमध्ये पळापळ जास्त महत्त्वाची वाटली. आईबाप पकडले जातात आणि सोडवायचं काम पोरीवर येतं ही आयडिया चांगली आहे, बाप लपवलेल्या बारक्या फोनवरून सांगतोय आणि पोरगी नकाशावर बुटाच्या लेसने वर्तुळं काढतेय, मग ग्रेनेड फेकून आवाज किती वेळाने पोचतो त्यावरून अंतर मोजतात. शहरात दिवसाढवळ्या छतांवर ग्रेनेड. खाली कोण आहे, कोणाचं घर आहे, जाऊ दे, आपलं माणूस सापडलं पाहिजे. मी हसलो पण आणि वैतागलो पण. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये लटकलेली किम टॅक्सी पळवत थेट अमेरिकन एम्बसीच्या गेटमधून आत घुसवते, तो भाग मजेशीर आहे.

शेवटची पाच-सात मिनिटं मात्र चुकवू नका. ब्रायन दमलाय, मुरादला म्हणतो तुझे अजून दोन मुलगे आहेत, ते उद्या येतील, मी त्यांना पण मारेन, हे कधी संपायचं? शब्द दे आणि घरी जा. बंदूक खाली टाकतो. म्हातारा ती उचलतो आणि झाडतो, तर आत गोळीच नाही. ब्रायनला माहीत होतंच. मग मारतो त्याला. इथे तरी एक मिनिट का होईना कळतं की निष्ठा दोन्ही बाजूंना सारखीच असेल तर तिला ब्रेक नसतो. पण लगेच कट, घरी, पोरीचा बॉयफ्रेंड, हसतंखिदळतं.

तिसरा पार्ट मी लवकर आटपतो. लेनोरला ब्रायनच्याच घरात मारतात आणि आळ त्याच्यावर येतो. तीन सिनेमे त्या बाईने काळजी करायची, रडायची, बांधून घ्यायचं, आणि शेवटी मरून प्लॉटला धक्का द्यायचा, फामके यान्सनसारख्या नटीला यापेक्षा बरं काही देता आलं असतं. खुनामागे निघतो स्टुअर्ट, तोच घोडावाला, इन्शुरन्सच्या पैशासाठी. सावत्र बाप शेवटी वाईटच निघायचा, रक्ताचं नातं तेच खरं, हा जुना पाढा २०१५ मध्ये पण गिरवला. पहिल्या पार्टमध्ये हाच माणूस पोरीला शोधायला प्रायव्हेट जेट मिळवून देतो, त्याला नट पण बदललाय आणि स्वभाव पण बदललाय. फॉरेस्ट व्हिटेकर पोलीस अधिकारी म्हणून बरा वाटतो. बाकी एडिटिंग असं की ब्रायन एका कुंपणावरून उडी मारतो तर तेवढ्यात डझनभर कट, डोळे दुखले. आणि गंमत म्हणजे कमाई पहिल्यापेक्षा जास्त.

यशापेक्षा वेगळा हिशोब लावायचा तर दीवार आठवा, १९७५ चा. तिथे पण फॅमिलीच आहे, पण आईच्या एका हाताला स्मगलर पोरगा आणि दुसऱ्या हाताला पोलीस पोरगा, कोणाशी निष्ठा ठेवली तरी घरातलंच कोणीतरी मरणार. टेकनमध्ये ब्रायनला तिन्ही पार्टमध्ये एकदाही असं निवडावं लागत नाही, त्याची पोरगी एका बाजूला आणि उरलेलं जग दुसऱ्या बाजूला, मग निवडायचं काय डोंबल. दुसरं टोक म्हणजे फास्ट अँड फ्युरियस, तिथे हिरो डॉम येईल त्याला फॅमिलीत घेतो, इतका की त्यांच्या टीममधल्या हानला ज्याने मारला तो डेकर्ड शॉ पण पुढे यांच्याच पंगतीला बसतो, नंतर हानलाच जिवंत करून आणायची वेळ आली. तिथे फॅमिलीला कुंपणच नाही आणि इथे कुंपण एका खुर्चीएवढं. तरी दोघांत निवडायचं तर मी टेकन घेईन, निदान इथे माणूस चुकतोय ते दिसतं तरी.

कोणी विचारलं तर पहिला बघाच, फोनवर नको, जरा मोठ्या स्क्रीनवर आणि आवाज चांगला ठेवून, त्या फोनच्या सीनमध्ये अर्धी कामगिरी श्वासाची आहे. डब नको, नीसनचा स्वतःचा आवाज हवा. अमेरिकेत थिएटरला लागलेली कॉपी थोडी कापलेली होती, एक्स्टेंडेड कटमध्ये मार्कोचा टॉर्चर जास्त उघड दाखवलाय, बरोबर लहान मुलं असतील तर कुठली कॉपी लावलीय ते आधी बघून घ्या. दुसऱ्याची सुरवातीची माती आणि शेवटचा मुराद एवढं बघितलं तरी पैसे वसूल, मधलं पुढे ढकला. तिसरा बघायचाच असेल तर दुसरं काहीतरी काम करता करता लावून ठेवा, कुंपण आलं की मान वर करा.