समुद्राकडच्या खोलीचे पैसे आणि न सरकणारं दार

बेळगावच्या उद्यमबागेत आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, गिऱ्हाईक गोव्यात, त्यामुळे जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता पाठ झालाय. गेल्या पावसाळ्यापासून पणजीतल्या समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात उतरतोय. लॉबी, पोहण्याचा तलाव, गाद्या सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. मला बोलायचंय ते बाल्कनीच्या दाराबद्दल.

समुद्राकडची खोली घेतो ती रात्री दार उघडून लाटा ऐकायला. हे दार वीतभर सरकतं आणि अडकतं. पहिल्या मुक्कामात जोर लावला, तर खोली आवरायला आलेला खानापूरकडचा पोरगा म्हणाला, "काका, ओढू नका, हँडल हातात येतंय बघा." खाली वाकून चॅनेल, म्हणजे दार सरकतं ती खाच, पाहिला. रोलरवर तपकिरी ठिपके, स्क्रूची डोकी खाल्लेली, कडेला मिठाची पांढरी पूड. साधं 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील खाऱ्या हवेत असंच खड्डे पडून जातं. तिथे 316 लागतं, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा गंजाला अडवणारा धातू असतो. ओतकामात आम्ही सीएफ-8 आणि सीएफ-8-एम म्हणतो तोच फरक. त्यात बाल्कनीची फरशी ॲसिडने धुतात, त्याच्या वाफेने उरलंसुरलं स्टीलही जातं. गोड्या पाण्याने चॅनेल धुवून पुसला तरी निम्मा त्रास कमी होईल.

तक्रार केली. पुढच्या खेपेला नवे रोलर, दार एका बोटाने सरकलं. त्या रात्री समोर आग्वादचे दिवे, लाटांचा आवाज, खारा वारा थेट पलंगापर्यंत. मी घरी फोन करून सांगितलं की पैसे वसूल झाले. दिवाळीनंतर गेलो तर पुन्हा तेच ठिपके, तोच करकर आवाज. म्हणजे बदलताना परत स्वस्तातलाच माल घातला होता. माझा खरा राग इथे आहे. एवढ्या भाड्याच्या इमारतीत काही शे रुपयांच्या रोलरवर काटकसर का करावी?

आता भाड्याचं गणित सांगतो, कारण इथेच खिशाला चाट बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी, त्यावर गेलं की 18. मला बागेकडची खोली 7,400 ला मिळते, करासह 7,770. समुद्राकडची 8,600, ती करासह 10,148 होते. दिसायला बाराशेचा फरक, प्रत्यक्षात 2,378 चा. शिवाय आमची नोंदणी कर्नाटकातली, हॉटेल गोव्यातलं, त्यामुळे त्या कराचं क्रेडिटही, म्हणजे आमच्या जीएसटीतून वजावटही, मिळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्यापाऱ्यांनी हे धरूनच हिशेब करावा.

जेवणाच्या बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज येतो. तो आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा 2022 चा नियम आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. काउंटरवर शांतपणे सांगितलं की काढतात. नाहीच काढला तर 1915 वर तक्रार करता येते.

न्याहारीबद्दल मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला सगळं थंड असायचं. आता पोई, म्हणजे गोव्याचा पाव, गरम येते, सोबत पातळभाजी, आणि ती घरच्यासारखी लागते. वाढणारी बरीच पोरं आपल्याच भागातली, मनापासून विचारपूस करतात. त्यांच्या वागण्यात मला कधीच उणं दिसलं नाही.

सध्या मी बागेकडची खोली घेतो आणि संध्याकाळी मिरामारला चालत जाऊन समुद्र बघतो. तुम्हाला समुद्राकडचीच हवी असेल तर बॅगा वर नेण्याआधी दार पूर्ण सरकवून बघा, अडकलं तर तिथेच खोली बदलून मागा. व्यवस्थापकांना मी स्टीलचा ग्रेड लिहून मेल केलाय. त्यांनी 316 चे रोलर बसवले, तर जास्तीचे 2,378 मी आनंदाने देईन.